रेड रम: ग्रँड नॅशनल तीनदा जिंकलेल्या घोड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोड्यांच्या शर्यती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महालक्ष्मीचं नाहीतर पुण्याचं रेसकोर्स येतं. हिरवळीवर दोन-अडीच मिनिटांत निकाल लागतो आणि तिकिटांचे तुकडे हवेत उडतात. अडथळ्यांवरून उड्या मारत सात किलोमीटर धावायची शर्यत आपल्या सवयीतली नाही. त्यामुळे रेड रमचा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

हा घोडा कोण, आणि अजून त्याचं नाव का निघतं?

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या वेशीवर एन्ट्री नावाचं रेसकोर्स आहे. (गावाचंच नाव एन्ट्री, प्रवेशद्वाराशी संबंध नाही.) तिथे दरवर्षी वसंतात ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत होते. रेड रमने ती १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा जिंकली. मधल्या १९७५ आणि १९७६ या दोन वर्षी तो दुसरा आला. पाच वर्षांत पाच वेळा धावला आणि दुसऱ्याच्या खाली एकदाही उतरला नाही. १८३९ पासून चालत आलेल्या या शर्यतीत तिसऱ्यांदा जिंकणं दुसऱ्या कुठल्याही घोड्याला जमलेलं नाही.

'रेड रम' उलटं वाचलं की 'मर्डर' होतं. मुद्दाम ठेवलेलं नाव का?

नाही. आईचं नाव मॅरेड, बापाचं क्वोरम. दोघांच्या नावांतली शेवटची तीन-तीन इंग्रजी अक्षरं जोडली आणि रेड रम झालं. आपल्याकडे आईबापांच्या नावांतून बाळाचं नाव जुळवतात ना, तसंच. उलटं वाचायची हौस नंतरच्या लोकांची.

स्टीपलचेस म्हणजे नक्की काय?

स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोघा घोडेस्वारांनी पैज लावली. बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, मधे कुंपण येवो, ओढा येवो की गडगा, सरळ जायचं. दूरवरून दिसणारी खूण तेवढी चर्चच्या मनोऱ्याची. म्हणून मनोऱ्याचा पाठलाग, स्टीपलचेस. पुढे शेतांतली ही धाव रेसकोर्सवर आली आणि कुंपणांची जागा मुद्दाम उभारलेल्या अडथळ्यांनी घेतली.

अशा शर्यतींना घोडा वेगळा लागतो. सपाट मैदानावरचा घोडा दोन-तीन वर्षांचा असतानाच नाव काढतो आणि चार-पाचव्या वर्षी बहुधा निवृत्त होतो. अडथळ्यांचा घोडा आठव्या-नवव्या वर्षी भरात येतो. तो बहुतेक वेळा खच्ची केलेला असतो. रेड रमही होता. त्यामुळे 'त्याची पिल्लं कुठे आहेत' या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाहीत.

ग्रँड नॅशनल एवढी अवघड का मानतात?

अंतर, अडथळे आणि गर्दी, ही तिन्ही कारणं. रेड रमच्या काळात अंतर ४ मैल ८५६ यार्ड होतं, म्हणजे साधारण ७.२ किलोमीटर. आपली इंडियन डर्बी २४०० मीटरची. तशा तीन डर्बी एका दमात धावायच्या आणि वाटेत ३० उड्या मारायच्या. कोर्सवर अडथळे सोळाच आहेत, पण फेऱ्या दोन. त्यातले चौदा दोनदा ओलांडावे लागतात.

प्रत्येक मोठ्या अडथळ्याला नाव आहे आणि नावामागे गोष्ट. १८३९ च्या शर्यतीत कॅप्टन बीचर घोड्यावरून पडले ते थेट ओढ्यात. तेव्हापासून तो अडथळा बीचर्स ब्रुक झाला. त्याची खोड अशी की उडी घेतो त्या बाजूपेक्षा पलीकडची जमीन खाली आहे. घोड्याला वाटतं आता पाय टेकतील, आणि ते टेकत नाहीत. 'द चेअर' हा सगळ्यांत उंच, पाच फुटांहून थोडा जास्त. 'कॅनॉल टर्न'ला उडी मारली रे मारली की काटकोनात डावीकडे वळायचं. आणि शेवटच्या अडथळ्यानंतर सुटलो म्हणावं, तर विजयरेषेपर्यंत जवळजवळ ५०० यार्डांची चढाओढ उरतेच. घोडं पेंड खातं ते बहुतेकदा याच पट्ट्यात.

लहानपणापासूनच तो असा लांब पल्ल्याचा होता का?

अजिबात नाही, आणि मला त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यांत मजेशीर गोष्ट हीच वाटते. ३ मे १९६५ ला आयर्लंडच्या किलकेनी परगण्यात, मार्टिन मकेनरी यांच्या स्टड फार्मवर हे शिंगरू जन्मलं. कुमाईत रंगाचं, दिसायला नेटकं, पण बघणाऱ्याने थांबून बघावं असं काही नाही. वर्षाचं झाल्यावर डब्लिनच्या लिलावात ४०० गिनींना विकलं गेलं. (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त.) रक्त वेगाचं होतं, छोट्या अंतराचं. घेणाऱ्यांनीही त्याच्याकडे त्याच नजरेने पाहिलं.

पहिली शर्यत ७ एप्रिल १९६७ ची. अंतर पाच फर्लांग, म्हणजे एक किलोमीटर. निकाल बरोबरीचा, दोन घोडे विभागून पहिले. आणि रेसकोर्स कुठलं? एन्ट्री! त्या वेळी तिथे सपाट शर्यतीही होत. दुसऱ्याच दिवशी त्याच आवारात ती कुप्रसिद्ध ग्रँड नॅशनल झाली, जिच्यात एका अडथळ्यापाशी जवळजवळ सगळे घोडे एकमेकांवर आदळून अडकले आणि मागून रमतगमत येणारा, एकास शंभर भावाचा फॉइनेव्हन जिंकून गेला. आदल्या दिवशीच्या किरकोळ शर्यतीत धावलेल्या दोन वर्षांच्या घोड्याकडे त्या गडबडीत कोण बघणार?

ती शर्यतही 'सेलिंग प्लेट' होती, म्हणजे जिंकणारा घोडा तिथेच लिलावात निघतो. वरच्या दर्जाच्या घोड्यांना अशा शर्यतीत कुणी उतरवत नाही.

मग तो अडथळ्यांकडे कसा वळला?

मालक बदलत गेले तसा. सपाट शर्यतींत तो तीनदा जिंकला, पण मोठं नाव काही झालं नाही. मग लर्लिन ब्रदर्टन या बाईंनी त्याला घेतलं. घोडा यॉर्कशायरमध्ये बॉबी रेंटन यांच्या तबेल्यात गेला. गंमत बघा, याच बाई आणि याच ट्रेनरने १९५० साली फ्रीबूटर नावाच्या घोड्यावर ग्रँड नॅशनल जिंकली होती. नॅशनलचा घोडा कसा असतो हे ठाऊक असलेली माणसं ती. तरी रेड रम त्यांच्या हातून गेला. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. रेंटन वयामुळे निवृत्त झाले, ट्रेनर बदलत राहिले, घोडा अधूनमधून जिंकायचा, अधूनमधून लंगडायचा. पायाचं दुखणं होतं, ते कोणाला धड बरं करता आलं नाही.

असा दुखरा घोडा विकत घेतला कुणी?

जिंजर मकेन नावाच्या टॅक्सीवाल्याने. लिव्हरपूलच्या उत्तरेला समुद्रकाठी साउथपोर्ट नावाचं गाव आहे. मकेन तिथे टॅक्सी चालवायचे, जुन्या गाड्या विकायचे आणि शोरूमच्या मागच्या अंगणात चार घोडे बांधून त्यांना शर्यतीसाठी तयार करायचे. मोठमोठ्या ट्रेनरांकडे शेकडो एकर गवताळ टेकड्या असतात. मकेनकडे गल्ली होती आणि गल्लीच्या टोकाला समुद्र.

त्यांच्या टॅक्सीतून नेहमी एक वयस्कर गृहस्थ जायचे, नोएल ल मेअर. इंजिनिअर, स्वतःच्या हिमतीवर पैसा कमावलेले, वय ऐंशीच्या पुढे. ग्रँड नॅशनल जिंकायची हा त्यांचा जुना ध्यास. घोड्यांच्या गप्पा मारता मारता म्हाताऱ्याने टॅक्सीवाल्याला पैसे दिले: घोडा आण. ऑगस्ट १९७२ मध्ये डॉनकास्टरच्या लिलावात मकेननी ६,००० गिनी मोजून रेड रम आणला. ४०० गिनींचा घोडा आता पंधरा पटींना गेला होता.

दुसऱ्या दिवशी वाळूवर दौडायला काढला, तर घोडा लंगडतोय.

समुद्राच्या पाण्याने त्याचा पाय बरा झाला, ही गोष्ट खरी की कहाणी?

झालं तेवढं खरं आहे. त्याला खुराच्या आतल्या हाडाची सूज होती. धावणाऱ्या घोड्याला हे दुखणं म्हणजे बहुधा संपलाच. मकेननी पूर्वी पाहिलं होतं की किनाऱ्यावर कोळंबीच्या गाड्या ओढणारी घोडी पाण्यात उभी राहून राहून पायांनी ठणठणीत असतात. त्यांनी रेड रमला समुद्रात घातलं. बाहेर आला तो नीट चालत.

आता यात औषध काय होतं, थंड खारं पाणी की वाळूचा मऊ-कडक पृष्ठभाग, की दोन्ही? माझं मत विचाराल तर वाळूला जास्त श्रेय द्यावं. गवताची जमीन कधी चिखल, कधी दगड. ओहोटीनंतरची ओली वाळू रोज तशीच, सपाट आणि थोडी दबणारी. दुखऱ्या खुराला रोजचा एकसारखा व्यायाम मिळाला. थंड पाणी सूज उतरवतं हे घोड्यांच्या डॉक्टरांनाही मान्य आहे, पण एका डुबकीने हाड बरं होत नसतं. सराव मात्र वर्षानुवर्षं तिथेच झाला. मागे समुद्र, पुढे ट्रॅक्टरने विंचरलेली वाळू, आणि बघायला जमलेली गावातली पोरं.

त्या शरद ऋतूत मकेनकडून उतरलेला रेड रम सलग पाच शर्यती जिंकला.

१९७३ ची शर्यत एवढी गाजली, त्यात काय झालं?

३१ मार्च १९७३. अडतीस घोडे. भाव दोघांना सारखाच, एकास नऊ: एक रेड रम, दुसरा क्रिस्प.

क्रिस्प ऑस्ट्रेलियाचा. थोराड, काळपट, उडीत असा की अडथळा त्याच्यासाठी जरा उंच गवत असावं. दोन वर्षांपूर्वी चेल्टनमला दोन मैलांची चॅम्पियन चेस त्याने मारली होती. शंका एवढीच की दोन मैलांचा घोडा साडेचार मैल टिकेल का? त्यातून वजन सगळ्यांत जास्त, १२ स्टोन, म्हणजे ७६ किलो. रेड रमच्या पाठीवर १० स्टोन ५ पौंड. (एका स्टोनचे १४ पौंड.) फरक २३ पौंडांचा, दहा किलोंहून थोडा अधिक. तांदळाची दहा किलोची पिशवी पाठीवर टाकून जिना चढून बघा, म्हणजे अंदाज येईल.

क्रिस्पचे जॉकी रिचर्ड पिटमन. त्यांनी घोड्याला रोखलं नाही, मोकळं सोडलं. पहिल्या फेरीतच क्रिस्प पुढे गेला आणि जातच राहिला. 'द चेअर'ला त्याच्याजवळ असलेला ग्रे सॉम्ब्रेरो पडला आणि जागीच गेला. मग क्रिस्पच्या आसपास कुणीच उरलं नाही. दुसऱ्या फेरीत तो आणि बाकीचे यांच्यात इतकं अंतर पडलं की एकाच चौकटीत दोघे दिसेनात. एकटाच घोडा रिकाम्या मैदानात उड्या मारतोय असं चित्र.

मागून फक्त एक निघाला. रेड रमवर ब्रायन फ्लेचर होते. त्यांनी १९६८ ची नॅशनल रेड अ‍ॅलिगेटरवर जिंकलेली, तेव्हा हा शेवटचा पट्टा किती लांब असतो हे त्यांना अंगाने माहीत होतं. शेवटच्या अडथळ्याला क्रिस्प अजून पंधरा लेंग्थ पुढे. लेंग्थ म्हणजे घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी. पंधरा लेंग्थ ही कुठल्याही इतर शर्यतीत संपलेली गोष्ट.

आणि तिथे क्रिस्प संपला. मधे एक वळण आहे, एल्बो नावाचं. तिथे उजवीकडे सरकून रेषेकडे जायचं. थकलेला क्रिस्प डावीकडे झुकायला लागला. पिटमननी उजव्या हाताने चाबूक उचलला, घोडा आणखी डावीकडे गेला, तोल सावरण्यात अमूल्य सेकंद गेले. ही आपलीच चूक असं पिटमन नंतर आयुष्यभर सांगत आले. मागून रेड रम एका लयीत, एक एक टाप मोजत येत होता. विजयरेषेच्या दोन ढांगा अलीकडे त्याने क्रिस्पला गाठलं. फरक पाऊण लेंग्थ.

वेळ ९ मिनिटे १.९ सेकंद. तीसच्या दशकापासूनचा विक्रम अठरा सेकंदांहून जास्त फरकाने मोडला. तीस अडथळ्यांसकट हा सरासरी वेग ताशी ४८ किलोमीटर पडतो. तिसरा आलेला लेस्कार्गो या दोघांच्या पंचवीस लेंग्थ मागे होता, आणि तो काही कुणी ऐरागैरा नव्हता. चेल्टनम गोल्ड कप, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतींतला सगळ्यांत मानाचा चषक, दोनदा जिंकलेला घोडा होता. रेड रमचा हा वेळ १९९० पर्यंत टिकला.

चित्रफीत मी किती वेळा बघितली असेल. निकाल माहीत असूनही प्रत्येक वेळी क्रिस्प सुटेल असं वाटतं.

मग खरा श्रेष्ठ घोडा क्रिस्पच ना?

त्या दिवशी? हो. सरळ उत्तर द्यायचं तर क्रिस्पच. दहा किलो जास्त वजन घेऊन पाऊण लेंग्थने हरणं ही हार म्हणायला जीभ रेटत नाही. पुढे त्याच वर्षी डॉनकास्टरला दोघे समान वजनाने धावले तेव्हा क्रिस्पने त्याला आरामात हरवलं.

पण हे लक्षात घ्यायला हवं की ग्रँड नॅशनल ही हँडिकॅप शर्यत आहे. हँडिकॅपर घोड्यांची आधीची कामगिरी बघून वजन ठरवतो. बलवानाला जास्त, दुबळ्याला कमी. कागदावर सगळे एका वेळी पोचावेत हा हेतू. खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून ते वजन भरतात. तेव्हा १९७३ मध्ये रेड रमला मिळालेली सवलत नियमातलीच होती. खरा प्रश्न पुढच्या वर्षीचा: आता जास्त वजन याच्या पाठीवर आलं तर?

आलं तर काय झालं?

१९७४ ला १२ स्टोन रेड रमच्या पाठीवर आले. आदल्या वर्षी क्रिस्पने वाहिलेलं तेच ओझं. सात लेंग्थने जिंकला, दुसरा लेस्कार्गो. पहिला विजय सवलतीचा म्हणणाऱ्यांची तोंडं तिथे बंद झाली.

तीन आठवड्यांत त्याला स्कॉटलंडमधल्या एअर गावच्या रेसकोर्सवर नेलं आणि त्याने स्कॉटिश ग्रँड नॅशनलही मारली. एकाच मोसमात दोन्ही जिंकलेला तो एकमेव घोडा. एअरला त्याचा पुतळा आहे. मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यांत भारी महिना हाच, १९७७ नव्हे.

१९७५ आणि १९७६ मध्ये का हरला?

१९७५ ला पुन्हा १२ स्टोन, आणि या वेळी लेस्कार्गोने डाव साधला. पंधरा लेंग्थने. लेस्कार्गो हा फ्रेंच शब्द, अर्थ गोगलगाय. गोगलगायीने हरवलं, हा विनोद तिकडे करून करून चोथा झालेला आहे. तरी आपण एकदा करून घेऊ.

१९७६ ला रॅग ट्रेडने दोन लेंग्थने हरवलं. रेड रम ११ स्टोन १०, रॅग ट्रेड १० स्टोन १२. बारा पौंडांचा फरक पुन्हा समोर उभा. या वर्षी जॉकीही बदललेला होता. घोड्यात पूर्वीची चुणूक राहिली नाही असं फ्लेचर उघडपणे बोलले आणि मकेनशी त्यांचं बिनसलं. टॉमी स्टॅक आले. स्टॅक घोड्याला जुने ओळखीचे. रेंटननंतर थोडा काळ रेड रमचं प्रशिक्षण त्यांच्याकडेच होतं.

१९७७ ला तो बारा वर्षांचा होता. तरी जिंकला कसा?

बारा म्हणजे अशा घोड्याची उतरण. मोसमभर तो मंदच होता, ही शेवटची खेप असं सगळे धरून चालले होते. पण रेड रमला एन्ट्री दिसलं की काहीतरी व्हायचं. इतर कोर्सवर मुकाट धावणारा घोडा इथे आला की कान टवकारायचा, नाचायचा. आणि त्याची चतुराई! पुढचा घोडा कोलमडायच्या आधीच हा बाजूला सरकलेला असे. बेचाळीस घोड्यांच्या चेंगराचेंगरीत ही नजर पायांपेक्षा मोलाची.

२ एप्रिल १९७७. दुसऱ्या फेरीत बीचर्स ब्रुकला आघाडीवरचा अँडी पँडी पडला आणि रेड रम पुढे आला. मागून चर्चटाउन बॉय येत होता, १० स्टोन एवढंच वजन घेऊन. रेड रमवर ११ स्टोन ८. हलक्या घोड्याने गाठायला हवं होतं. शेवटून दुसऱ्या अडथळ्याला त्याची उडी चुकली आणि रेड रम सुटला. पंचवीस लेंग्थ. शेवटच्या पट्ट्यात तर मैदानातली माणसं धावपट्टीच्या कडेला येऊन ओरडत होती.

याच शर्यतीत शार्लट ब्रू ही नॅशनलमध्ये उतरलेली पहिली स्त्री जॉकी ठरली. तिच्या घोड्याने शर्यत पूर्ण केली नाही, पण दार उघडलं.

तो कधी पडलाच नाही म्हणतात. खरं?

अडथळ्यांच्या शंभर शर्यती आणि एकदाही पडला नाही, अशीच त्याची ख्याती आहे. त्यातल्या पाच नॅशनल, म्हणजे एन्ट्रीचे दीडशे अडथळे. चोवीस शर्यती जिंकला. शंभरात चोवीस हा आकडा काही डोळे दिपवणारा नाही, हे मान्य करायला हवं.

म्हणजे तो सर्वकाळातला सर्वोत्तम स्टीपलचेसर नव्हे?

नव्हे. आयर्लंडचा आर्कल त्याच्या कितीतरी वर. १९६४ ते १९६६ सलग तीन गोल्ड कप, आणि तो एवढा जबरदस्त की हँडिकॅपचे नियम त्याच्यासाठी बदलावे लागले. गोल्डन मिलरने पाच गोल्ड कप जिंकले आणि १९३४ ला त्याच मोसमात नॅशनलही. रेड रम त्या पंक्तीतला नाही. न्यूबरीला हेनेसी गोल्ड कप या दुसऱ्या एका मोठ्या शर्यतीत तो १९७३ ला नाकाएवढ्या फरकाने हरला, एवढीच त्या थराला त्याची जवळीक.

तो एका मैदानाचा घोडा होता. लांब पल्ला, कोरडी कडक जमीन, गर्दी आणि विचित्र उड्या हे सगळं एकत्र आलं की त्याच्यासमोर कुणी टिकत नसे. एवढं कौशल्य एकाच जागेसाठी घेऊन येणारा प्राणी पुन्हा झाला नाही. २०१८ आणि २०१९ ला टायगर रोलने नॅशनल लागोपाठ दोनदा जिंकली, रेड रमनंतर पहिल्यांदाच. तिसरी त्यालाही मिळाली नाही.

१९७८ ला का धावला नाही?

शर्यतीच्या आदल्या दिवशी पायाच्या हाडाला बारीक तडा गेल्याचं आढळलं. तिथेच निवृत्ती जाहीर झाली.

निवृत्तीनंतर काय करत होता?

कामावर होता म्हणावं लागेल. दुकानांची उद्घाटनं, सुपरमार्केटच्या फीत कापायच्या सोहळ्यांना हजेरी, आणि दरवर्षी ग्रँड नॅशनलच्या आधी होणाऱ्या संचलनात सगळ्यांच्या पुढे. एखाद्या सिनेनटाला लाजवेल अशी व्यस्तता. मकेनच्या शोरूमच्या मागच्या तबेल्यात लोक त्याला भेटायला यायचे, साखरेचे खडे घेऊन.

एन्ट्री रेसकोर्स त्याच्यामुळे वाचलं, हे कितपत खरं?

बऱ्याच अंशी. सत्तरच्या दशकात मैदान विकलं गेलं होतं, तिथे घरं बांधायच्या गोष्टी चालल्या होत्या, १९७५ ला तर प्रेक्षक इतके थोडे की लाज वाटावी. दरवर्षी 'ही शेवटची ग्रँड नॅशनल' असं छापून यायचं. अखेर १९८३ मध्ये लोकांकडून पैसे उभे करण्याची मोहीम झाली आणि मैदान टिकलं. एकटा घोडा काही जमीन विकत घेत नाही. पण लोकांनी खिशात हात घालावा असं त्यांना वाटलं, त्यात त्याचा वाटा नाकारता येत नाही.

या शर्यतीत घोडे मरतात. तरी कौतुक कसलं?

प्रश्न योग्य आहे आणि मला त्याचं पूर्ण समाधान करता येत नाही. १९७३ च्या त्या अद्भुत शर्यतीतच ग्रे सॉम्ब्रेरो गेला, हे वर लिहिलंय. नंतर बरेच बदल झाले. १९८९ नंतर बीचर्स ब्रुकचा धोका कमी केला, २०१३ पासून अडथळ्यांचा गाभा लाकडाऐवजी लवचीक प्लास्टिकचा झाला, २०२४ पासून घोड्यांची संख्या ४० वरून ३४ वर आणली. शर्यत सौम्य झाली. म्हणूनच काही जुने जाणकार म्हणतात की आजची नॅशनल ही रेड रमची नॅशनल नाही. माझ्या मते ती नसलेलीच बरी.

अशी शर्यत मुंबई-पुण्यात बघायला मिळेल का?

महालक्ष्मीला नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याला पावसाळ्यात जो मोसम असतो तो सपाट शर्यतींचा. अडथळ्यांची हौस असेल तर टीव्ही किंवा विमानाचं तिकीट.

त्याची समाधी कुठे आहे?

एन्ट्रीच्या विजयरेषेजवळ. १८ ऑक्टोबर १९९५ ला तो गेला, वयाच्या तिसाव्या वर्षी. घोड्यासाठी हे फार मोठं आयुष्य. तिथेच फिलिप ब्लॅकर या माजी जॉकीने घडवलेला त्याचा कांस्यपुतळाही आहे. मकेन २०११ मध्ये गेले. मधे २००४ मध्ये अँबर्ली हाउसवर त्यांनी चौथी नॅशनल जिंकली, आणि २०११ ला त्यांच्या मुलाने तयार केलेल्या घोड्याने, बॅलाब्रिग्जने जिंकलेली त्यांना बघायला मिळाली.

घोड्याला कळत असेल का, आपण काय केलंय ते?

जिंकणं हा शब्द त्याला कळत नसणार. पण १९७७ च्या शेवटी बीबीसीच्या वार्षिक क्रीडा पुरस्कार सोहळ्यात रेड रमला प्रत्यक्ष स्टुडिओत आणलं होतं. टॉमी स्टॅक तेव्हा जखमी होते, दूर होते, म्हणून त्यांच्याशी पडद्यावरून बोलणं सुरू झालं. स्टॅक बोलायला लागले आणि दिव्यांच्या झगमगाटात शांत उभ्या असलेल्या घोड्याचे दोन्ही कान पटकन त्या आवाजाच्या दिशेने वळले.